एका पाटावरचे

“सूनबाई, ते तुमचे सर काल आसणपाड्याला कशाला गेले होते?”

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात न घालता तसाच हातात धरून ठेवला. उत्तर आल्याशिवाय घास खाली उतरू द्यायचा नाही, ही त्यांची रीतच होती.

“मला काय ठाऊक, नाना? शनिवारची अर्धी शाळा. गेले असतील सायकल घेऊन कुठंतरी.”

“कुठंतरी नाही. आसणपाड्यालाच. तुमच्या माहेरी.”

“टपालपेटी तिथंच आहे ना.”

“टपालपेटी,” नाना म्हणाले आणि घास तोंडात टाकला.

सुकदेव नाना शेवाळे, माझे सासरे. सावरखेड्याच्या बंधाऱ्याचे मुख्य पंच. माणूस हाताचा स्वच्छ, पण संशय अंगात भिनलेला. दुधात माशी पडली तर ती कुणी पाठवली असं विचारणारे. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, घरात बाई मी एकटीच, म्हणून सगळ्या संशयाची हक्काची जागा मीच. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. तुम्हाला कळावं म्हणून मराठीत सांगते आहे, पण नानांचा तो ‘टपालपेटी’ म्हणायचा सूर काही मला मराठीत आणता येत नाही.

त्या साली पावसानं आमच्याकडे पाठच फिरवली होती. आमच्या नदीवर एकाखाली एक बंधारे आहेत. बंधाऱ्यानं पाणी अडवायचं, पाटात वळवायचं आणि पाटातून गावाच्या शेतांना पाळीपाळीनं द्यायचं. कुणाला किती द्यायचं ते पंच ठरवणार, पाटकरी मोजून देणार. आपल्या वावराला पाणी हवं म्हणून मालकानं स्वतःच्या हातानं पाट फोडायचा नाही. राजा असला तरी नाही. फोडला की त्या हंगामापुरती त्याची पाळी बंद.

सावरखेड्याचा बंधारा वर, आसणपाड्याचा खाली. नदीला पाणी होतं तोवर दोघांचं भागत होतं. त्या वर्षी करंगळीएवढी धार उरली आणि आमच्या पंचांनी ठराव केला, की सगळी धार आपल्या पाटात घ्यायची, खाली थेंब जाऊ द्यायचा नाही. आसणपाड्याची पिण्याची विहीर नदीकाठी. नदी वाहिली तर तिला झरे. ठराव झाला त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले. आईच्या डोक्यावरचा हंडा दिसत होता मला. पण सासरी राहून माहेरच्या पाण्यासाठी तोंड उघडायची सोय नव्हती.

आणि मग पाणी खाली जायला लागलं.

पाटाच्या तोंडाशी फळीनं बंद केलेली एक वाट असते, तिला आमच्याकडे सांड म्हणतात. पूर आला की फळी उचलून जास्तीचं पाणी परत नदीत सोडायचं. पावसाळा सरला की ती चिखलानं लिंपून बंद ठेवायची. कुणीतरी पहाटे ती उचलत होतं आणि उजाडायच्या आत पुन्हा लिंपून ठेवत होतं. ओला चिखल पाटकऱ्याच्या हाताला लागला आणि गावात बोंब झाली.

राखण बसवली. राखण बसली की त्या पहाटे फळीला कुणी हात लावत नव्हतं. राखण नसली की चिखल ओला. राखण कधी बसवायची ते मुख्य पंच ठरवत, आणि तरी चोराला आधी कळत होतं.

“घरभेदी आहे कुणीतरी,” झिपरू आप्पा पगार म्हणाले. हे दुसरे पंच. त्यांचं वावर पाटाच्या अगदी शेपटाला, तिथवर पाणी जायचं म्हणजे आधीच मारामार. ते आमच्या ओट्यावर आले, पण टेकले नाहीत. “नाना, राखणीची बातमी कुठून निघते?”

“माझ्या तोंडातून.”

“आणि पहिली कुणाच्या कानावर पडते?”

नानांनी दाराकडं पाहिलं. दाराआड मी होते. आप्पांनीही पाहिलं. मी पदर पुढं ओढला आणि मनात म्हटलं, द्वारके, आता तुझी धडगत नाही.

“आसणपाड्याची लेक तुमच्या घरात,” आप्पा म्हणाले, “आणि दर शनिवारी आसणपाड्याला सायकल मारणारा परका माणूसही तुमच्याच घरात. दोघं ओट्यावर बसून इंग्रजीत बोलतात. आमच्या घरच्यांनी ऐकलंय. इंग्रजीत इंग्रजी, आणि मध्येच पाट, मध्येच खालचं गाव. काय शिजतंय?”

“शिकवणी चालते. मी समोर असतो.”

“तुम्हाला इंग्रजी येतं?”

उत्तराला न थांबता आप्पा उतरता उतरता म्हणाले, “चोर सापडत नसेल तर सूनबाईंना पाऊस पडेपर्यंत माहेरी पाठवा. पाणी थांबलं तर आपल्याला कळेलच. पुढचं पुढं बघू.”

पुढचं पुढं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. पाणीचोर म्हणून घालवलेली सून आमच्याकडे कुणी परत आणत नाही. दुसरी आणतात.

आता त्या इंग्रजीचं सांगते, म्हणजे आप्पांच्या डोक्यात काय शिरलं ते कळेल.

टिपणीस सर पेणचे. आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आले आणि ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहिले. मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटून लग्न करून आलेली. आमच्या ह्यांच्या मनात होतं की मी मॅट्रिक व्हावं आणि शाळेत बाई म्हणून लागावं. अभिमन त्यांचं नाव. तेव्हा घेत नव्हते, आता घ्यायला कसली लाज? नानांनी हो म्हटलं, पण अट घातली. शिकवणी ओट्यावर, लख्ख उजेडात, आणि नाना समोर बसणार. नाना अडकित्ता घेऊन बसायचे आणि सरांच्या तोंडाकडं असे बघायचे, की बिचाऱ्यांचं स्पेलिंग चुकायचं.

एक दिवस धड्यात शब्द आला, रायव्हल.

“अर्थ सांगा,” सर म्हणाले.

“शत्रू.”

“नाही. शत्रू म्हणजे एनिमी. तो तुमचं वाईट चिंततो. रायव्हलला तुमच्या वाइटाशी कर्तव्य नसतं. तुम्हाला जे हवं तेच त्यालाही हवं असतं, आणि ते दोघांना मिळण्यासारखं नसतं, एवढंच. वर्गात पहिल्या नंबरासाठी झगडतात ते रायव्हल. समोरासमोर दोन किराणा दुकानं असतात, तेही रायव्हल.”

नानांचा अडकित्ता थांबला. “आणि वरचं गाव नि खालचं गाव?”

सरांना इतका आनंद झाला की ते उठून उभेच राहिले. शब्दांची मुळं उकरायचा त्यांना भारी नाद, आणि आजवर त्यांना ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं. “नाना, तुम्ही तर मुळावरच बोट ठेवलंत! हा शब्द लॅटिनमधला. ‘रिव्हस’ म्हणजे ओढा, पाट. एकाच पाटातून पाणी नेणारे ते ‘रिव्हालिस’. रोमन लोकांच्या कायद्यात त्यांच्या पाण्याच्या तंट्यांबद्दल लिहून ठेवलंय. मूळ अर्थ तेवढाच, एका पाटावरचे. पुढं एकाच बाईवर मन बसलेल्या दोघांनाही तोच शब्द लावायला लागले, आणि मग इंग्रजीत येईपर्यंत...”

नाना मोठ्यानं खाकरले. सरांनी घाईघाईनं पान उलटलं.

“एका पाटावरचे,” नाना अडकित्ता पुन्हा चालवत म्हणाले. “आपल्यात त्यांना भाऊबंद म्हणतात.”

“आणि भाऊबंदकी कशाला म्हणतात, नाना?”

नाना हसले नाहीत. पण त्या दिवसापासून शिकवणी माझी राहिली नाही, त्यांचीच झाली. “सर, त्या लोकांत वरच्यानं आधी घ्यायचं की खालच्यानं? तंटा झाला तर निवाडा कोण करायचं? नदीच आटली तर खालच्यानं काय करायचं?” सरांना इतकं कुठलं ठाऊक? ते म्हणाले, पुण्याला मित्राला विचारतो. म्हणून ती टपालपेटी. आणि तुमच्याकडे कसं करतात ते तरी बघू म्हणून ते सकाळी पाटावरून फिरायला लागले, पाटकऱ्याला प्रश्न विचारायला लागले. दुष्काळात परका माणूस पाटावर फिरतो आणि फळी किती जड आहे म्हणून विचारतो, त्यावर गावानं काय समजावं?

खरं सांगू का, आप्पा गेल्यावर माझाही संशय सरांवरच गेला. मऊ मनाचा माणूस, आसणपाड्याची रिकामी विहीर बघून आला असेल. त्यांच्या चपलाही रोज चिखलानं भरलेल्या. मी चहा देताना हळूच म्हटलं, “सर, खरं सांगा, फळी तुम्ही उचलता का?”

सरांच्या हातातली बशी कलंडली. “मी? द्वारकाबाई, मला तर वाटत होतं, तुम्हीच!”

घ्या. ज्याच्यावर आपण संशय घ्यावा, त्याचा संशय आपल्यावरच.

मग म्हटलं, आमचे हेच असतील. बायकोसाठी केलं असेल, बोलत नसतील. पहाटे अंथरूण रिकामं असायचं. मला भीतीही वाटली आणि आतून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? एके दिवशी गोठ्यात गाठून विचारलं, “तुम्ही पहाटे कुठं जाता हो?”

“गल्लीच्या तोंडाशी बसतो.”

“कशाला?”

“तू कुठं जातेस ते बघायला,” हे म्हणाले आणि मान खाली घालून वैरण टाकायला लागले.

लग्नाचा नवरा पहारा करतो आहे! “मग? गेले का मी कुठं?” मी म्हटलं. “अजून तरी नाही,” हे म्हणाले. ते ‘अजून तरी’ माझ्या काळजात जे रुतलं, ते पुष्कळ दिवस निघालं नाही.

घरातल्या पाण्याचीही मारामार होती. आम्ही बायका नदीच्या वाळूत खड्डा करून झिरपेल ते पाणी वाटीवाटीनं भरायचो. गर्दी व्हायच्या आत जावं म्हणून एका पहाटे मी लवकर निघाले. मागच्या दारानं, गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या पहारेकऱ्याला चुकवून. आता चोर म्हणतातच, तर चोरासारखं जायला काय हरकत आहे? बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पोचले तर पाणी वाहत असल्याचा आवाज. वर पाहिलं. फळी बाजूला काढून ठेवलेली, आणि कुणीतरी काठावर उकिडवं बसून नदीत पडणाऱ्या पाण्याकडं बघत होतं. डोक्याला फडकं बांधलेलं. डाव्या गुडघ्यावर हात दाबून धरलेला. तो गुडघा मी रोज रात्री तेल गरम करून देत होते.

नाना.

थोड्या वेळानं ते उठले, फळी बसवली, चिखल थापला, हात धुतले आणि परसाकडे जाऊन आल्यासारखे लोटा घेऊन घराकडं निघाले. मी करंजाच्या बुंध्याआड हंडा पोटाशी धरून उभी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. अरे देवा, हा माणूस! फळी स्वतः उचलतो, राखण स्वतः बसवतो, आणि माझ्या सरांच्या सायकलीचा हिशेब मला विचारतो!

पण सांगायचं कुणाला? सांगितलं तर खरं कोण मानणार, आणि मानलं तर दुसऱ्या दिवसापासून आईची विहीर कोरडी. नाही सांगितलं तर मला घरातून काढणार. दोन्हीकडून माझंच मरण. मी हंडा भरला, घरी आले, आणि न्याहारीला नानांना भाकरी वाढली. त्यांनी विचारलं, “आज एवढ्या लवकर पाण्याला?” मी म्हटलं, “गर्दी असते.” त्यांनी माझ्याकडं नेहमीसारखंच रोखून पाहिलं. आणि पहिल्यांदाच मीही त्यांच्याकडं तसंच पाहिलं.

शेवटी आप्पांनी शपथेचा विषय काढला. आमच्याकडे ही जुनी रीत. ज्याच्यावर आळ आहे त्यानं सगळ्या गावादेखत पाटात उतरायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं आणि म्हणायचं: ‘मी पाणी फोडलं नाही. फोडणाऱ्याला मी ओळखत नाही. खोटं असेल तर हे पाणी मला बाधो.’ आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आळ तिथंच फिटला. पण पाण्यात उभं राहून खोटं बोललेला माणूस आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. लोक गुन्हा कबूल करायचे, पण पाणी हातात घेऊन खोटं बोलायचे नाहीत.

“बाईमाणसाला आजवर कधी उतरवलं नाही,” कुणीतरी म्हणालं.

“माझ्या घरातली म्हणून सूट नको,” नाना म्हणाले. “उतरतील. सरही उतरतील.”

मी दाराआडून ऐकलं आणि शपथेतलं दुसरं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

सकाळी अख्खं गाव पाटावर जमलं. आसणपाड्याकडूनही माणसं बोलावली होती. माझे वडील, बंडू तात्या भामरे, नदीच्या पलीकडच्या काठावर चार माणसांत उभे होते. ते आणि नाना माझ्या लग्नाच्या बोलण्यांपुरते बोलले होते, त्यानंतर नाही. तात्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि नजर वळवली.

आधी सर उतरले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चष्मा घामानं ओघळलेला. शपथ घेतली, पाणी प्याले. आप्पांनी विचारलं, “आता हेही सांगा, ओट्यावर पाटाचं काय बोलत होता?”

सरांनी पाण्यात उभं राहून सगळ्या गावाला तो शब्द समजावून सांगितला. रिव्हस, रिव्हालिस, रायव्हल. इतका मोठा वर्ग त्यांना जन्मात मिळाला नसेल.

“म्हणजे एका पाटावरचे ते वैरी, हे साहेबालाही ठाऊक!” आप्पा म्हणाले.

“वैरी नाही हो आप्पा. आधी नुसते शेजारीच होते.”

“मग त्यांच्यातही दुष्काळ पडला असणार,” मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. सर बाहेर आले. हसू विरलं. आता सगळे माझ्याकडं बघत होते.

मी लुगड्याचा ओचा वर खोचला आणि उतरले. ओंजळ भरली. “मी पाणी फोडलं नाही,” मी म्हणाले. आवाज खणखणीत आला, खरंच होतं ते. मग तोंड उघडलं आणि पुढचे शब्द काही येईनात.

“पुढचं बोला,” आप्पा म्हणाले.

पाणी बोटांतून गळत होतं. मी पुन्हा ओंजळ भरली. नानांकडं बघायचं नाही, एवढंच मनाला बजावत होते. मी बघितलं असतं तर सगळ्या गावानं तिकडंच बघितलं असतं.

“अगं बोल ना!” आमचे हे ओरडले. “ओळखत नाही म्हण आणि ये बाहेर!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तसं त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी मान हलवली. नाही म्हणवत, असं.

“बघा!” आप्पांनी हात उंचावला. “ओळखते ही! पण नाव घेत नाही. बाईला कुणाचं नाव सांगवत नाही? बापाचं, नाहीतर भावाचं!” आणि त्यांनी पलीकडच्या काठाकडं बोट केलं.

“माझ्या लेकीला पाण्यातून बाहेर काढा,” तात्या म्हणाले. “मी उतरतो.” आणि ते खरंच नदीत पाय घालायला लागले.

“तात्या, तिथंच थांबा.”

नाना उठले होते. त्यांनी वहाणा काढल्या, धोतर वर धरलं आणि गुडघा सांभाळत, सावकाश, माझ्याशेजारी पाटात उतरले. “सूनबाई, ओंजळ सोडा,” ते म्हणाले. मी सोडली. त्यांनी आपली भरली. “फळी मी उचलत होतो,” म्हणाले आणि पाणी पिऊन टाकलं.

आप्पांचा हात तसाच हवेत.

“नाना, तुम्ही? अहो, राखण तर तुम्हीच बसवत होता!”

“म्हणून तर जमत होतं.”

“त्या लॅटिनच्या गोष्टीपायी गावाचं पाणी सोडलंत?”

“गोष्टीपायी कशाला सोडीन? पण गोष्ट ऐकली आणि झोप उडाली. आपल्या बापांच्या वेळी दुष्काळात पहाटेचं पाणी खाली जायचं, पिण्यापुरतं. ते बंद कुणी केलं, आप्पा? मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा काठ्या घेऊन या सांडीवर कोण बसलं होतं? तुम्ही आणि मी. आणि तात्यांच्या बापाला हात जोडायला लावून परत पाठवलं होतं.”

आप्पा खाली बघायला लागले. “मग उघड सांगायचं होतंत,” ते म्हणाले.

“तुम्ही ऐकलं असतंत?”

“नाही.”

“मग?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासऱ्यासमोर मान वर करून बोलायची रीत नव्हती, पण त्या दिवशी रीतीचं मला काही उरलं नव्हतं. “आणि नाना, मला पाण्यात उभं केलंत त्याचं काय?”

“तुम्ही फोडलं नव्हतं,” ते म्हणाले. “तुम्हाला शपथेची कसली भीती? एकदा प्यालात की तुमच्यावरचा आळ कायमचा गेला असता. तुम्ही मला पाहिलंय, हे मला कुठं ठाऊक होतं?”

“पहाटे बायका पाण्याला जातात, नाना. हे तरी ठाऊक होतं ना?”

मागं बायका फिसकन हसल्या. नानांचा चेहरा पडला. मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

शिक्षा ठरलेलीच होती. नानांचं पंचपद गेलं आणि आमच्या वावराची पाळी बंद झाली. डोळ्यांदेखत गहू वाळला. नानांनी चकार शब्द काढला नाही. पण त्या सकाळी लोक उठायला लागले तेव्हा आप्पा म्हणाले, “थांबा.” त्यांनी मिशी चोळली. “पहाटेचं पाणी सोडायचं असेल तर उघड सोडू. पिण्यापुरतं. बापांनी सोडलंय, आपण नाही म्हणणारे कोण? पण नानांच्या हातात आता फळी द्यायची नाही.”

“माझा माणूस येईल,” तात्या पलीकडून म्हणाले.

“तुमचा माणूस आला तर फळी खाली पडायचीच नाही.”

“आणि तुमचा आला तर वर उठायचीच नाही.”

एकेक नाव निघालं. या काठानं सुचवलं की त्या काठानं नाकारायचं, त्या काठानं सुचवलं की या काठानं. ऊन चढलं. सरांचं नाव निघालं, तर दोन्हीकडचे एकदम नको म्हणाले, हा शिकवत बसेल आणि फळी विसरेल. मी अजून ओल्या लुगड्यानं काठावर उभी, माझ्याकडं कुणाचं लक्ष नाही. मग आप्पांनी माझ्याकडं नुसता अंगठा केला.

“हिला लावा.”

“ती तुमच्या घरची,” तात्या म्हणाले.

“तुमच्या पोटची.”

“तुमचा भरवसा बसला वाटतं तिच्यावर?”

“छट्! तिळभर नाही.”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा सख्खा बाप. “माझाही नाही,” ते म्हणाले. “इतके दिवस तुमचं खातेय.”

“मग ठरलं,” आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच दोन्ही काठांवरची माणसं एकाच गोष्टीला हो म्हणाली.

दुसऱ्या पहाटे मी सांडीवर गेले. या काठावर आप्पांचा माणूस कांबळं पांघरून बसलेला, त्या काठावर तात्यांचा. दोघंही माझ्याशी बोलले नाहीत. मी चिखल खरवडला, फळी उचलली, आणि पाणी खाली आसणपाड्याकडं धावलं. एक म्हणाला, “बास झालं.” दुसरा म्हणाला, “अजून झालं नाही.” मी कुणाचंच ऐकलं नाही. मला वाटलं तेव्हा फळी टाकली आणि नीट लिंपली. दोघं उतरून आले, वाकून, बोटं घालून त्यांनी चिखल तपासला, आणि मगच मला जाऊ दिलं.

पुढं मी मॅट्रिक झाले, शाळेत लागले. नाना गेले, तात्या गेले, आप्पाही गेले. पण नदी आटली की दोन्ही गावांतून मला निरोप यायचाच, बाई, पहाटे या. त्यांतल्या एका जरी गावानं माझ्यावर विश्वास टाकला असता, तर दुसऱ्यानं मला त्या फळीजवळ उभं राहू दिलं नसतं.